दुःखाशेजारी: काही टिपणे

ख्रिस्ती घरी कोणी गेले की सांत्वनाच्या प्रार्थनेत बायबलमधल्या ईयोबाचे नाव निघतेच. देणाराही देव, नेणाराही देव, हा त्याचा पहिल्या अध्यायातला सूर. तिसऱ्या अध्यायातला ईयोब मात्र फारसा कोणी वाचत नाही. तिथे तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. पुस्तक ४२ अध्यायांचे, आणि त्याचा प्रसिद्ध धीर दोन अध्यायांत आटोपतो.

*

त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तेवढे त्यांनी बरोबर केले. मग तोंड उघडले आणि त्याच्या पापांचा हिशेब काढला. शेवटी देव ईयोबालाही चार शब्द सुनावतो, पण खरे बोलल्याची पावती त्यालाच देतो. देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर तो रागावतो.

*

योहानाच्या शुभवर्तमानातला जन्मांध. शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू म्हणतो, दोघांचेही नाही. देवाचे काम दिसावे म्हणून हे. आणि लगेच थुंकीने माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावतो.

*

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. १८८२ मध्ये पती गेले, १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली घेऊन आल्या. भूक काय असते हे त्यांना कोणी सांगायला नको होते. केडगावच्या मुक्तिसदनात प्रार्थना होती, तसेच शेत, माग, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेलही. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. तोवर हातात बायबलच्या मराठी भाषांतराचे काम होते.

*

डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेलोरला आले. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप गळत नाहीत. संवेदना गेल्यामुळे भाजलेले, कापलेले कळत नाही आणि जखमा बोटे खातात, हे त्यांनी दाखवले. वेदना ही देणगी आहे, असे ते पुढे सांगत. आखडलेले हात शस्त्रक्रियेने पुन्हा चालते करणाऱ्याने हे म्हटले तर ऐकावेसे वाटते. नुसत्या प्रवचनात तेच वाक्य झोंबते.

*

नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘आपला क्रूस वाहा’ असे सांगणारेही याच श्रद्धेत आहेत. येशूने क्रूस पत्करला होता. तिच्यावर तो लादलेला असतो. उपवासकाळात शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट होते, चौदा स्थानांची. पाचव्या स्थानी कुरेनेकर शिमोन येशूचा क्रूस उचलतो. शिपायांनी धरून आणलेला का होईना, पण खांदा देतो. खुद्द येशूलाही जो एकट्याने वाहावा लागला नाही, तो या बाईने एकटीने का वाहावा?