माळरानावरची लेक

घराण्याचा इतिहास सांगायला बसले, की पुरुषांचीच नावे पुढे येतात. कोणी माळ फोडला, कोणी घर बांधले, कोणाच्या नावे सातबारा निघाला, हे सारे सांगितले जाते. त्याच घरातल्या बायांनी काय सोसले, ते मात्र त्यांच्याबरोबरच मातीत जाते. अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या लेकीने असे होऊ दिले नाही. तिचे नाव एरा बेल थॉम्पसन. तिची हकिकत आमच्या वाचक भगिनींना सांगावी, असे आम्हांला मनापासून वाटले.

अमेरिकेत १८६२ साली अब्राहम लिंकन यांच्या सहीने होमस्टेड कायदा झाला. थोडी फी भरून १६० एकर सरकारी जमीन घ्यायची, पाच वर्षे तिथे राहून ती कसायची, म्हणजे ती आपल्या नावे होई. एकट्या बाईला आणि विधवेलाही अर्ज करता येई. नवरा असलेल्या बाईला मात्र सहसा स्वतःच्या नावे करता येत नसे. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनीही या कायद्याचा आधार घेतला. कॅन्सस राज्यात १८७७ साली त्यांचे निकोडेमस हे गाव वसले. पहिला हिवाळा त्यांनी जमीन खोदून केलेल्या खोपटांत काढला. पण एक गोष्ट विसरता कामा नये. ही 'सरकारी' जमीन मुळात तिथल्या आदिवासी जमातींची होती. एकाच्या नावे ती झाली, ती दुसऱ्याच्या हातून गेल्यावरच!

होमस्टेडवाल्यांनी वसवलेल्या अशाच नॉर्थ डकोटा राज्यात, ड्रिस्कॉल गावी, १९१४ साली थॉम्पसन कुटुंब शेती करायला आले. आई, वडील, तीन भाऊ आणि ही एकुलती एक मुलगी. तिचा जन्म १९०५ चा, डे मॉइन शहरातला. त्या भागात कृष्णवर्णीय घरे अगदी बोटांवर मोजण्याइतकी. हाडे गोठवणारी थंडी आणि निसर्गाच्या लहरीवरची शेती. १९१८ साली आई वारली. पुढे वडिलांनी शेती सोडली. बिस्मार्क या राजधानीत ते गव्हर्नरांचे निरोप्या झाले आणि नंतर मँडन गावी त्यांनी जुन्या सामानाचे दुकान काढले.

जमीन गेली, पण लेक शिकली. विद्यापीठात तिने धावण्याच्या शर्यती गाजवल्या. आजारपणाने शिक्षण तुटले, तरी तिने ते पुन्हा धरले आणि १९३३ साली पदवी घेतली. शिकागोत नोकरी करता करता तिने आपल्या घरची हकिकत लिहिली. ते 'अमेरिकन डॉटर' हे पुस्तक १९४६ साली निघाले. पुढे 'एबनी' मासिकाच्या संपादकवर्गात तिने मोठी जबाबदारी सांभाळली. १९७६ साली नॉर्थ डकोटाने तिला आपला सर्वोच्च सन्मान दिला. ज्या बिस्मार्कमध्ये बाप निरोप्या होता, तिथल्याच राज्य भवनात लेकीचे चित्र लागले! १९८६ साली ती वारली.

हे वाचून आम्ही बहिणींनी आमच्या आजीची माहिती गोळा करायला घेतली. गावच्या कोणत्याही कागदावर तिचे नाव नाही. ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाई, आणि लेकरांना शाळेत घातल्याशिवाय राहिली नाही, एवढेच घरात ठाऊक आहे. तिचे माहेर कोणते, तिची किती लेकरे दगावली, हे सांगू शकणारी आता एकच आत्या उरली आहे. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे. तिचे बोलणे आम्ही दर रविवारी वहीत उतरवून घेत आहोत.

भगिनींनो, एरा बेलच्या घरची शेती टिकली नाही, पण तिने लिहिलेले टिकले. आपल्याही घरात एखादी आजी, एखादी आत्या असेल. तिच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा. वहीची किंमत दहा-वीस रुपये. ती सांगेल त्याची किंमत कोणत्याच बाजारात होणार नाही.