मुक्कामी गाडीचा नकाशा

धानोऱ्याहून सिरोंचाला जायचं तर रस्त्याने अडीचशेच्या आसपास किलोमीटर भरतात, आणि तेही एकाच जिल्ह्यात. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, गडचिरोलीचं १४,४१२. म्हणजे जवळजवळ चार गोवे, आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग जंगल. लोक लडाखला जातात, राजस्थान पालथं घालतात, ऑस्ट्रेलियाच्या रस्त्यांचे व्हिडिओ बघत बसतात. आमच्या घरात मात्र असं ठरलं, की आपलाच मुलूख एकदा वरपासून खालपर्यंत सलग बघायचा, आणि तो स्वस्तात.

स्वस्तात म्हणजे एसटीने. हिशेबाला बसलो तेव्हा लक्षात आलं, की या मोहिमेत सगळ्यात महागडा माणूस मीच आहे. २०२३ पासून बाईमाणसाला अर्धं तिकीट, त्यामुळे बायकोचा खर्च निम्मा. आईने पंचाहत्तरी ओलांडलेली, तिला २०२२ पासून राज्यभर फुकट. हे कळल्याबरोबर आई म्हणाली, "मंग मीबी येतो." एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही पाहिला. पण पास वसूल व्हायला गाड्या भरपूर हव्यात. जिथे दिवसातून दोन फेऱ्या, तिथे आवडेल तेथे जायचं म्हटलं तरी जाणार कशाने?

नकाशा पसरला की डोळे रस्त्यावरून आपोआप पाण्यावर घसरतात. धानोऱ्याजवळची कठाणी पश्चिमेकडे वाहत गडचिरोलीच्या अंगाने वैनगंगेला मिळते. वैनगंगा खाली चपराळ्याला वर्धेला भेटते आणि दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. म्हणजे आमच्या दाराजवळचं पाणी कुठलंही तिकीट न काढता आम्हाला जायचं तिथेच जातं. मग वाट तीच धरायची, जमेल तितकी नदीच्या कडेने.

पहिला टप्पा तीन किलोमीटरचा, मेंढा. लेखा-मेंढा म्हणून सगळ्या देशाला माहीत असलेलं हे गाव आम्हाला इतकं जवळ, की आम्ही ते कधी धड पाहिलेलंच नाही. २००९ मध्ये या गावाला अठराशेहून अधिक हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभा स्वतः देऊ लागली. लांबून अभ्यासक येतात, टिपणं काढतात, जातात. शेजाऱ्याने एकदा तरी नीट जाऊन बसायला काय हरकत आहे? भाडं शून्य. त्याच रस्त्यावर पुढे चातगाव, आणि आरोग्याच्या कामासाठी ओळखलं जाणारं शोधग्राम. तिथे थांबणं नाही, नुसता नमस्कार.

खरा पेच झोपण्याचा. लॉज तालुक्याच्या गावी, आणि तेही मोजके. इथे मला मुक्कामी गाडीची आठवण झाली. संध्याकाळी आगारातून निघायचं, शेवटच्या गावात रात्र काढायची, सकाळी शाळेची पोरं, दवाखान्याचे पेशंट, बाजाराच्या टोपल्या घेऊन परत फिरायचं, हा तिचा दिनक्रम. ड्रायव्हर-कंडक्टर कधी गाडीतच आडवे होतात, कधी गावाने दिलेल्या खोलीत. मी ठरवलं, जिथे गाडी झोपेल तिथे आपणही झोपायचं. समाजमंदिर असतं, शाळेचा व्हरांडा असतो, ओळखीच्या ओळखीचं घर तर असतंच. मग माझा नकाशा बदलला. प्रेक्षणीय स्थळांवरच्या खुणा पुसल्या, मुक्कामी फेऱ्यांवर गोल काढले. आता तोच नकाशा मला जास्त खरा वाटतो. भाड्याची गाडी करून एका दिवसात हेमलकसा 'करून' येणाऱ्यांना तो कधी दिसणार नाही.

गाडी पोहोचणं ही साधी गोष्ट नव्हेच. गर्देवाडा या आतल्या गावाला अहेरीहून पहिली एसटी गेली १ जानेवारी २०२५ रोजी. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. त्या भागात कधी काळी रस्ता विचारणाऱ्याकडेही लोक संशयाने बघत. आता गाडीची वेळ विचारली तर वेळ सांगतात, एवढा फरक मोठा आहे.

झोपण्याचा आणखी एक उपाय आहे, न झोपण्याचा. वडशाला जायचं ते रेल्वेसाठी नव्हे, नाटकासाठी. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं ते ठाणं. दिवाळी झाली की मंडई भरते, शंकरपट होतात आणि गावोगाव शेतात शामियाने उभे राहतात. रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाटे पडतो. मधल्या गाण्यांना वन्समोअर पडला तर उजाडलेलंही कळत नाही. एका तिकिटात करमणूक आणि निवारा दोन्ही. थंडीला शाल लागेल, ती आईकडे आहे.

नंतर चामोर्शीवरून मार्कंडा. इथे वैनगंगा उत्तरेकडे वळते, आणि काठावर कोरीव देवळांचा समूह उभा आहे. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते, एसटी जादा गाड्या सोडते. म्हणून सगळ्या प्रवासाचं वेळापत्रक शिवरात्रीला बांधलं. तोवर नाटकांचा हंगाम सरलेला नसतो, आणि मोहफूल गळायला सुरुवात होण्याच्या बेतात असतं. एप्रिल-मे नको, ऊन आणि तेंदूपत्त्याची धांदल. पावसाळा तर नकोच. मी स्टँडवर भामरागडच्या रस्त्याची चौकशी करत होतो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने मधेच टोकलं, "रस्त्याचं काय इचारता जी, पान्याचं इचारा." खरं आहे. पर्लकोटा चढली की भामरागड तुटतं, आणि ते कधी जोडलं जाईल हे नदीच ठरवते.

आलापल्लीला पोहोचलं की वाट फुटते. तिथे वनवैभव नावाचा सहा हेक्टरांचा जुना जंगलतुकडा जैवविविधता वारसा म्हणून राखला आहे. सागाखाली मान वर करून उभं राहायचं, एवढंच तिथलं काम. पूर्वेला हेमलकसा, जिथे १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी काम सुरू केलं आणि पुढे ते प्रकाश आमट्यांनी चालवलं. त्याला लागून भामरागड. तिथे पर्लकोटा आणि पामुलगौतमी इंद्रावतीला मिळतात, आणि इंद्रावती तशीच खाली जात सोमनूरला गोदावरी गाठते. तिला वळसा नाही. आम्हाला मात्र सिरोंचासाठी आलापल्लीला परत यावं लागणार, आणि पुढचा रस्ता खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षं नावाजलेला. आईच्या पाठीसाठी त्या दिवशी पुढची सीट धरायची, हे वहीत लाल शाईने लिहून ठेवलंय.

सिरोंचाच्या जवळच वडधमचं जीवाश्म उद्यान आहे. दगड झालेली झाडं. बायकोला ती पाहायची आहेत, मला तेलुगू मिसळलेली मराठी ऐकायची आहे, आणि आईला पलीकडच्या तीरावरचं काळेश्वरचं दर्शन हवं आहे. इथे माझा हिशेब अडला. राज्य संपलं की आईचं फुकट तिकीट संपतं. तेलंगणात बायांना बस फुकट आहे खरी, पण ती तिथल्याच बायांना. मी म्हटलं, पुलापलीकडे आपल्या सवलती चालत नाहीत.

"त पुलावरून पायदळ जाऊ," आई म्हणाली. "पायाले कोनतं तिकीट लागते?"