धग, झळ आणि चटका

हीट ट्रान्सफरच्या वायवाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मोड्स किती?" आपण पोपटासारखं म्हणतो, "तीन सर! कंडक्शन, कन्व्हेक्शन, रेडिएशन." सर मान डोलावतात, आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि कँटीनकडे पळतो. माझी आजी चौथी पास. पण या तिन्हींना तिच्याकडे तीन वेगळे शब्द आहेत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्याकडे मराठीत एकच वाक्य होतं – "गरम होतंय." बाकीचे शब्द मला गेल्या उन्हाळ्यात मिळाले, तेही एका पत्र्याच्या शेडमध्ये.

आमचं घर दिंडोशीला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गोरेगाव आणि मालाडच्या पूर्वेला डोंगराला टेकून हा भाग आहे. शेजारी फिल्मसिटी, मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि २०२२ पासून हायवेवर मेट्रोचं स्टेशन. मृणाल गोरे, बाबुराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने सामान्य माणसांसाठी उभी केलेली पक्की घरंही इथेच, आणि डोंगराच्या कुशीतल्या पत्र्याच्या चाळीही इथेच. आम्ही दुसऱ्या प्रकारात मोडतो. खाली एक खोली, वर लोखंडी शिडीचा माळा आणि घराला लागून दहा बाय आठची पत्र्याची शेड. चारही बाजूंना पत्रा, वरही पत्रा. काका लग्नकार्यात जेवणाची कामं घेतात, त्यांची मोठी पातेली, झारे, शेगड्या या शेडमध्ये असायच्या.

मागच्या वर्षी आजीचे गुडघे इतके दुखायला लागले की शिडी चढणं बंदच झालं. खालच्या खोलीत आम्ही पाच माणसं. मग घरात हळू आवाजात बोलणी सुरू झाली की आजीला गावी पाठवायचं का? गाव मालवणजवळ. तिथे घर आहे, माड आहेत, पण माणूस कोणी नाही. आजी काही बोलली नाही. एका रात्री ट्रंक उघडून लुगडी नीट रचत बसली, तेवढंच. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "आये, पातेली बाहेर काढू. शेडमध्ये तुझी खोली करू." आजी म्हणाली, "भट्टीत झोपान मी?"

तिचं बरोबर होतं. एप्रिलमध्ये दुपारी त्या शेडमध्ये पाच मिनिटं उभं राहिलं की डोकं भणभणायचं. बाबांचं मत, एसी लावू. पण उघड्या पत्र्याच्या खोलीत एसी म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं, आणि दर महिन्याचं बिल वेगळंच. मी सुट्टीत घरी होते आणि "इंजिनिअरिंगला आहेस ना, सांग काहीतरी" हे वाक्य आलंच. (मेकॅनिकलवाल्यांना हा अनुभव असेल. मिक्सर बिघडला तरी आपल्यालाच बोलावतात.)

मी वही काढली, आणि आजी दारात बसून आपलं म्हणणं सांगू लागली. "वरच्या पत्र्याची धग उतारता. दुपारी गल्लीतली झळ आत येता. आणि भिंतीक हात लावू नको, चटको बसात!" मी लिहिता लिहिता थांबले. धग म्हणजे न शिवता दुरून अंगावर येणारी उष्णता, रेडिएशन. झळ म्हणजे वाऱ्याबरोबर येणारी, कन्व्हेक्शन. चटका म्हणजे शिवल्यावर बसणारा, कंडक्शन. अख्खा पहिला चॅप्टर एका दमात! आणि वाटा तीन, तर उपायही तीन हवेत, हेही त्यातूनच निघत होतं.

सगळ्यात मोठी वाट धगीची. थोडं गणित करते, घाबरू नका. उन्हात जुना गंजका पत्रा ६० अंशांना तापला आणि खालच्या वस्तू ३५ अंशांवर आहेत असं धरू. स्टीफन-बोल्ट्झमनचं सूत्र लावलं तर दर चौरस मीटरला साधारण १७० वॅट नुसत्या धगीने खाली येतात. दहा बाय आठचं छप्पर म्हणजे साडेसात चौरस मीटरला थोडं कमी. गुणाकार करा, बाराशे वॅटच्या वर जातो. आपण हॉस्टेलमध्ये वॉर्डनच्या नजरेआड बादलीत सोडतो ती कॉइल बहुतेक हजार वॅटची असते. म्हणजे एक कॉइल दुपारभर डोक्यावर लटकतेय, आणि आपण पंखा फुल करून तीच हवा ढवळतोय.

आता मध्ये दोन इंच थर्मोकोल घाला. पोलादातून उष्णता जितक्या सहज जाते, त्याच्या हजार पटींहून कमी थर्मोकोलमधून जाते, कारण त्यात बहुतेक हवाच कोंडलेली असते. तेच तापमान धरून हिशोब केला तर आकडा सुमारे १३० वॅटवर येतो. बाराशेचे एकशे तीस! काकांना मी हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे जुना शंभरचा बल्ब आणि वर एक छोटा." अगदी तसंच.

पण थर्मोकोल नुसता पत्र्याला चिकटवून चालत नाही. आमच्या गल्लीत एकांनी चपलांना लावतात ते रबर सोल्युशन लावून चिकटवला होता. सोल्युशनने थर्मोकोलच खाल्ला, आणि उरलेले तुकडे आठ दिवसांत पलंगावर पडले. आमच्या सुतारमामांनी शेडच्या लोखंडी अँगलला धरून आतून लाकडी रीपांची चौकट उभी केली. पत्र्याला एकही नवीन भोक पाडलं नाही. चौकटीत थर्मोकोल बसवला, आणि पत्रा व थर्मोकोल यांच्यामध्ये इंचभर मोकळी जागा ठेवली. छपराच्या खालच्या आणि वरच्या टोकाला ही फट उघडी, तोंडाला बारीक जाळी, कारण दिंडोशीच्या उंदरांना थर्मोकोल फार आवडतो. पत्र्याखाली तापलेली हवा चढावरून वर सरकते आणि बाहेर जाते. खोलीत यायच्या आधीच झळ परत पाठवायची.

थर्मोकोलच्या वरच्या अंगाला, मोकळ्या फटीकडे तोंड करून, चमकदार अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावला. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम अंगावर आलेली बहुतेक धग परत पाठवतो. अट एवढीच की समोर हवेची फट हवी. कागद तापलेल्या पत्र्याला चिकटला तर धगीचा चटका होतो आणि कागद फुकट जातो. आतून, म्हणजे खोलीकडून, सिमेंटचे बोर्ड ठोकले. थर्मोकोल उघडा ठेवायचा नाही. तो पेटतो, आणि काळाकुट्ट गुदमरवणारा धूर करतो. जिथे म्हातारं माणूस झोपणार तिथे हा खर्च वाचवायचा नसतो.

विजेच्या बाबतीत मात्र मी हट्टाला पेटले. पत्र्याची खोली म्हणजे एक मोठा कंडक्टर. पावसाळ्यात कुठेतरी वायर सोलली तर भिंतीच जिवंत होतात. त्यात आपण आतून अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावणार! ऑस्ट्रेलियात २००९ साली सरकारने घरांच्या छपरांत इन्सुलेशन घालण्याची मोठी योजना काढली. घाईघाईत काम झालं आणि चार तरुण कामगार गेले – तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक पोटमाळ्यातल्या उष्णतेने. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना गुंडाळावी लागली. हे मी घरी सांगितलं तेव्हा काकांनी कुरकुर न करता इलेक्ट्रिशियनला बोलावलं. सगळ्या वायरी बोर्डच्या बाहेरून प्लॅस्टिकच्या पट्टीतून नेल्या, शेडच्या अँगलला अर्थिंग केलं आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवला. खोलीत सगळ्यात कमी दिसणारी वस्तू तीच आहे, पण मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचीही तीच.

एवढं झाल्यावर आजीने शेवटचा मुद्दा काढला. "आधी पत्र्याक सावली करा. तापलोच नाय तर धग खयसून येतली?" गावाकडे मांडवावर झावळ्या टाकतात. घाटावर पत्र्यावर उसाचं पाचट नाहीतर कडबा पसरतात. आपली पुस्तकं आतून किती जाडीचा थर लावायचा ते सांगतात, पण ऊन पत्र्यापर्यंत पोहोचूच दिलं नाही तर आतलं कामच निम्मं होतं. झावळ्या आम्ही टाकल्या नाहीत, कारण शेजारच्या छपराला छप्पर लागलेलं, ठिणगी पडली तर संपलंच. त्याऐवजी बांबूवर फूटभर उंचीवर हिरवी जाळी ताणली आणि पत्र्याला पांढरा रंग दिला. जाळी पावसाआधी काढून ठेवायची.

पांढऱ्या रंगाची युक्ती आता मोठ्या शहरांनीही उचलली आहे. अहमदाबादमध्ये मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णतेशी सामना करण्याचा शहरपातळीवरचा आराखडा झाला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम सुरू झालं. महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्था तिथल्या बायकांना घेऊन हे करतात. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. मुंबईच्या हवामान कृती आराखड्यात (२०२२) वस्त्यांमधल्या पत्र्याच्या घरांना ऊन जास्त भोवतं याची नोंद आहे. नोंद आहे हे बरंच झालं. पण एप्रिलची दुपार आराखड्याची वाट बघत नाही.

खरं तर दोष पत्र्याचाही नाही. १८२९ साली लंडनच्या गोदीतल्या हेन्री रॉबिन्सन पामर नावाच्या इंजिनिअरने नागमोडी पत्र्याचं पेटंट घेतलं, ते गोदामं झाकण्यासाठी. पातळ पत्र्याला नागमोडी घड्या दिल्या की तो वाकत नाही, हलका असतो, झटकन बसतो. मालाच्या गोण्यांना धग लागत नाही. पुढे जगभरात त्याच पत्र्याखाली माणसं राहायला लागली, आणि गोदामाचं घर करायचं राहिलेलं काम ज्याचं त्याच्यावर आलं.

आता निकाल. खोली थंडगार वगैरे झालेली नाही, उगाच फेकत नाही. मुंबईचा उकाडा हा आजीचा चौथा शब्द, आणि त्याला थर्मोकोल काही करू शकत नाही. घाम वाळायला वारा लागतो. म्हणून समोरासमोर दोन खिडक्या आणि एक पंखा. खिडक्यांना मजबूत ग्रिल, कारण आमच्याकडे रात्री बिबट्या हा गप्पांचा विषय नसून शेजारी आहे. पण दुपारी दोन वाजता आजी तिथे झोपते. पूर्वी त्या वेळी आतल्या पातेल्याला हात लावता येत नव्हता.

पावसाळाही निघाला. नट-वायसरच्या जागी डांबर भरलं होतं, गळलं नाही. जानेवारीची परीक्षा वेगळी असते. पहाटे उघडा पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार पडतो, आतली दमट हवा त्याला लागली की थेंब जमतात आणि अंथरुणावर टपटपतात. गल्लीत म्हणतात, पत्रा रडतो. आता आतलं माणूस आणि गार पत्रा यांच्यात थर आहे, आणि फटीत जे थोडं जमतं ते वाऱ्याने सुकून जातं. जानेवारीत मी घरी गेले तेव्हा मुद्दाम पहाटे उठून बोर्डवर हात फिरवून पाहिला. कोरडा!

आजीची तक्रार एकच आहे. "पाऊस इलो तरी कळाक नाय." उघड्या पत्र्यावर पाऊस म्हणजे ताशा, बोलणंसुद्धा ऐकू यायचं नाही. आता बोर्ड, थर्मोकोल आणि हवेच्या थराने तो आवाज बराच खाल्ला. म्हणून ती दार थोडं किलकिलं ठेवते. ट्रंक तिच्या पलंगाखाली गेली आहे, आणि गावी पाठवण्याचं बोलणं पुन्हा कोणी काढलेलं नाही.

मित्रांनो, टॉप फ्लोअरवाले दरवर्षी मेमध्ये गाद्या घेऊन टेरेसवर जातात आणि हॉस्टेलच्या नावाने शंख करतात. आपल्या स्लॅबवर पांढरा रंग आणि वर जाळी, एवढं तर मिनी प्रोजेक्ट म्हणूनही होईल. रेक्टर सरांनी मनावर घ्यावं. आणि पुढच्या वेळी कोणी मोड्स किती विचारलं, तर तीन सांगा. चौथा विचारला तर उकाडा सांगा, मार्क मिळतीलच असं नाही!