तांब्याभर इंटरनेट

माणसानं गरजा कमी ठेवाव्यात, हे तत्त्व मी आयुष्यभर पाळत आलो आहे. निदान बोलून दाखवत तरी आलो आहे. सौभाग्यवतींचं मत जरा वेगळं आहे. त्या म्हणतात, "तुमच्या गरजा कमी नाहीत. त्या भागवायचं काम दुसऱ्यांकडे आहे, इतकंच."

मुलानं टाकून दिलेला लॅपटॉप माझ्या वाट्याला आला, तो बैलगाडीच्या चालीचा. बटण दाबून सिद्धेश्वराच्या तळ्याला फेरी मारून आलं, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स टाका. फुकट असतं." लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या पोरानं १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी हे हौसेनं सुरू केलं म्हणे. मला त्यातला 'फुकट' हा शब्द स्पष्ट ऐकू आला.

भाच्यानंच २०२१ साली दिलेला पेन ड्राइव्ह मी जपून ठेवला होता. त्यात डेबियन नावाच्या लिनक्सची अकरावी आवृत्ती होती. मधल्या काळात नव्या निघाल्या, पण घरात आहे ती आधी संपवावी, ही आमची रीत. काय काय हवं, याची यादी पडद्यावर आली. लोणचं नको, पापड नको, या थाटात मी सगळ्या खुणा काढून टाकल्या. किमान गरजा!

यंत्रानं माझा शब्द खरा केला. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि नाव विचारणारी एक ओळ. चित्र नाही, उंदराचा बाण नाही आणि वाय-फायही नाही.

भाच्याला फोन केला. त्यानं सांगितलेला 'डीमेसेज' हा शब्द मारला, तशी यंत्रानं कीर्तनाइतकी लांब कैफियत मांडली. तिचं सार एकच: फर्मवेअर सापडत नाही.

शेजारचे अण्णा तेवढ्यात पेपर न्यायला आले. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि सारा जन्म चादरींच्या मागावर गेलेला. मी त्यांना फर्मवेअर समजावून सांगायला गेलो, तर तेच मला म्हणाले, "म्हणजे माग ठीक आहे, पुठ्ठे चढवले नाहीत की हो!"

याहून सोपं मला कुणीच सांगितलं नव्हतं. जॅकार्डच्या मागावर नक्षी असते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत. माळ नसेल तर माग उभा आहे, सूत आहे, पण चादरीवर मोर काही उतरत नाही. वाय-फायच्या चिपचंही तसंच. तिचे पुठ्ठे म्हणजे फर्मवेअर, आणि दर वेळी लॅपटॉप सुरू झाला की ते तिच्यावर चढवावे लागतात. भोकं कशी पाडली हे चिपवाल्या कंपन्या बहुधा दाखवत नाहीत, म्हणून डेबियनच्या तत्त्वनिष्ठ मंडळींनी असले पुठ्ठे मूळ संचाबाहेर ठेवले होते. २०२२ साली त्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते आत घेतले. माझी अकरावी!

"मग काय करायचं?" मी भाच्याला विचारलं.

"सोपंय मामा. इंटरनेटवरून उतरवून घ्या."

वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण कुणी रचली ठाऊक नाही; पण त्याच्या घरी किमान लिनक्स असणार.

अण्णा म्हणाले, "हापसा कोरडा पडला तर काय करतो आपण? वरून तांब्याभर पाणी ओततो."

भाच्याचंही तेच म्हणणं पडलं. अँड्रॉइडचा फोन वायरनं लॅपटॉपला जोडायचा आणि फोनमध्ये यूएसबी टेथरिंग चालू करायचं. लॅपटॉपला फोन हे तारेचंच नेटवर्क वाटतं आणि त्याला वेगळे पुठ्ठे लागत नाहीत. उपाय उत्तम होता. पण माझा फोन बटणांचा, किमान गरजांचा. अँड्रॉइडचा फोन घरात एकच, सौभाग्यवतींचा. त्याला मी चारचौघांत 'भिंगरी' म्हणत असे.

मी स्वयंपाकघराच्या दारात दोनदा जाऊन पाणी पिऊन आलो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अहो, मागा की. मागितल्यानं माणूस लहान होत नाही."

फोन जोडला. 'डीएचक्लायंट' मारलं आणि तांब्या ओतला गेला. मग यादीच्या फाइलीत 'नॉन-फ्री' हा शब्द लिहायचा होता. "म्हणजे किती रुपये पडणार?" असा पहिला प्रश्न घरातून आला. पैसे नव्हते; तिथं फ्री म्हणजे मोकळं, फुकट नव्हे. आमच्या घराण्यात हा भेद प्रथमच कळला. पुठ्ठे उतरले, मागोमाग मी पापडासारखा नाकारलेला नेटवर्क मॅनेजर उतरला. वायर काढली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आणि त्यानं पासवर्ड विचारला.

तो मला ठाऊक नव्हता. कॅलेंडरच्या मागं, दुधाच्या हिशेबाखाली, तिनं लिहून ठेवला होता.

रात्री भाच्यानं आणखी एक माहिती पुरवली. अँड्रॉइडच्या फोनचा गाभाही लिनक्सचाच असतो. म्हणजे मी दिवसभर जे बसवत होतो, ते ही कित्येक वर्षं पदराआड बाळगून होती.

"आता तुमच्या कमी गरजांत," ती म्हणाली, "माझी भिंगरी धरायची ना?"

मी म्हणालो, "धर. आणि तांब्याभर पाणी दे."