घरातला तिसरा मेंबर

आमच्या वन रूम किचनमध्ये आम्ही तिघं राहतो. मी, आई आणि एक डबा.

थोडा फ्लॅशबॅक. बाबा गेले आणि 2021 मध्ये आई साताऱ्याहून कायमची डोंबिवलीला माझ्याकडे आली. दिवाण टाकायला जागा हवी, म्हणून माझा म्हातारा टॉवर कॉम्प्युटर टेबलासकट विकला आणि सेकंडहॅण्ड इंटेल नक आणला. तळहातावर मावेल एवढा मिनी पीसी! छोटं टेबल, त्यावर मॉनिटर, मागे नक आणि शेजारी आईचा दिवाण. जागेचा प्रश्न खलास.

पण मी पडले इंटिरिअर डिझायनर. दिवसा ऑफिस, रात्री स्वतःची छोटी-मोठी कामं. क्लायंटला त्याचं स्वयंपाकघर ब्लेंडरमध्ये उभं करून दाखवायचं. तो फोटोसारखा फायनल सीन रेंडर करायला नकच्या चार कोअरवाल्या प्रोसेसरला साडेपाच तास लागायचे. रात्री लावायचं, सकाळी लोकल पकडण्याआधी बघायचं, आणि चूक दिसली की अख्खी रात्र पाण्यात. त्यामुळे क्लायंटने बदल सांगितला की मीच त्याला पटवायचे, 'आहे तेच छान दिसतंय हो!' एका बाईंनी दोनदा बदल सांगितले, तिसऱ्यांदा फोनच केला नाही. तेव्हा मात्र झोंबलं.

ऑफिसमधला मित्र म्हणाला, 'ग्राफिक्स कार्ड बाहेरून लाव ना.' म्हणजे एक लोखंडी डबा, त्यात स्वतःचा पॉवर सप्लाय, आत टॉवरमध्ये बसतं तसंच मोठं कार्ड आणि नकला जोडणारी एक थंडरबोल्ट केबल. मी 12 जीबीचं आरटीएक्स 3060 घेतलं. डबा आणि कार्ड मिळून दीड पगार गेला. घरी आणल्यावर कळलं, डबा नकच्या कितीतरी पट मोठा आहे. ज्या जागेसाठी टॉवर विकला, तिथेच हे महाशय येऊन बसले! 'मग टॉवरच का नाही ठेवलास?' आईचा प्रश्न अगदी रास्त होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिली रात्र तर विचारूच नका. डब्याचा दिवा लागला, पंखा फिरला, कॉम्प्युटरला पत्ताच नाही. दोन तासांनी लक्षात आलं, मी फोन चार्जिंगची केबल लावली होती. टोकं अगदी सारखी दिसतात हो! थंडरबोल्टच्या केबलवर विजेची खूण असते, ती बघायची. मग केबल बदलली, विंडोजमध्ये डब्याला परवानगी दिली. तरी रेंडर तेवढंच रेंगाळत होतं. ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये कार्ड निवडायचं असतं, ते कोण करणार? मीच. ते केलं आणि तोच सीन पंधरा मिनिटांच्या आत संपला. मी घड्याळ दोनदा पाहिलं.

गेम खेळणाऱ्यांनी मात्र लगेच उड्या मारू नयेत. टॉवरमध्ये कार्डला सोळा लेनचा रस्ता मिळतो, इथे केबलमधून चारच लेन. गेममध्ये त्या रस्त्यावरून सतत ये-जा असते, त्यामुळे तेच कार्ड डब्यात थोडं मंद पडतं. माझं काम घर शिफ्ट करण्यासारखं. सामान एकदा वर चढवलं की लिफ्ट लहान होती याचं कुणाला काय? सीन एकदा कार्डच्या मेमरीत गेला की पुढचा हिशोब आतल्या आत. आणि विकत घेण्याआधी आपल्या मशीनचं पोर्ट तपासा. थंडरबोल्ट किंवा यूएसबी 4 हवं. अ‍ॅपलच्या एम सिरीजवाल्या मॅक मिनीत थंडरबोल्ट आहे, पण अ‍ॅपल तिथे बाहेरच्या कार्डला सपोर्ट देत नाही.

खरी पंचाईत वेगळीच. केबल अर्ध्या मीटरची. पूर्ण वेगाची लांब केबल महाग, म्हणून डबा टेबलावरच, आईच्या उशापासून हातभर. 'हे काय घुरघुरतंय गं?' पहिले आठ दिवस रोज. मी कार्डची पॉवर लिमिट थोडी उतरवली. रेंडरला मिनिट-दीड मिनिट जास्त लागतं, पण पंखा बराच शांत झाला.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला एक किचन रेंडर झालं. आई दिवाणावरून बघत होती.

'खिडकी पाठीमागे कशाला? ओट्यावर बघ किती सावली आहे. चिरताना बोट कापेल तिचं.'

सावली खरंच होती, मला दिसलीच नव्हती. पूर्वी म्हटलं असतं, 'आई, झोप ना आता.' त्या रात्री मी ओटा खिडकीखाली नेला आणि पुन्हा रेंडर लावलं. आई उशी भिंतीला टेकवून बसली.

'सिंक कुठे गेलं पण?' तिने विचारलं.