टायरवरचं टपाल

“काही करत नाही ते, या तुम्ही.”

अडतीस वर्षांत मी सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य हे. कधी माळवदावरून, कधी गोठ्यातून, कधी न्हाणीतून नुसता आवाज. सांगणारा खोटं बोलत नसतो. ते कुत्रं त्याला खरंच काही करत नाही. प्रश्न माझ्या पोटरीचा असतो.

केज तालुक्यातलं युसूफ वडगाव आणि आसपासच्या शेतवस्त्या ही माझी टपालाची फेरी. १९८७ साली लागलो तेव्हा आमच्या नोकरीला ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणत, म्हणजे खात्याचे असून खात्याबाहेरचे. गावात त्याचं ‘ईडी’ झालं. पुढे २००१ मध्ये आम्ही ‘ग्रामीण डाक सेवक’ झालो आणि ईडी हे नाव भलतीकडे गेलं. आता ईडीवाला दारात आला म्हटलं की भलेभले गार पडतात. आमच्या वेळी कुत्रंसुद्धा भीत नव्हतं.

सायकल, करिअरला खाकी थैली, शाईचं पॅड, वरच्या खिशात दोन पेनं. या कामात पत्ता शोधणं सोपं. खेड्यात पत्ता विचारावा लागत नाही, माणसाचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव कळलं की झालं. अवघड असतं ते रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंतचं अंतर. पंधरा-वीस पावलं असतात, पण ती पावलं कोणी शिकवत नाही.

पहिली दोन-तीन वर्षं मी सगळ्या चुका केल्या. कुत्रं अंगावर आलं की खाली वाकायचो. दगड हातात नसला तरी चालतं, नुसतं वाकलं तरी गावातलं कुत्रं चार पावलं मागे हटतं. मला वाटलं, विद्या सापडली. पण गल्लीतलं मोकाट कुत्रं वाकल्यावर पळतं आणि विसरतं. घरचं कुत्रं पळतं आणि लक्षात ठेवतं. ज्या दारांपुढे मी वाकलो, तिथली कुत्री दुसऱ्या महिन्यापासून मला कोपऱ्यावरच ओळखायला लागली. दुसरी चूक पळण्याची. संत नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्याच्या मागे धावले, असं कीर्तनात लहानपणापासून ऐकलेलं. माझ्या वाट्याला कुत्र्याच्या पुढे धावणं आलं. पळणाऱ्याच्या मागे लागायचं हे कुत्र्याच्या रक्तातच असतं. आपण पायडल जोरात मारलं की त्याचा संशय पक्का होतो.

१९९१ च्या उन्हाळ्यात एका वस्तीवर चावा बसलाच. ते कुत्रं भुंकलंच नव्हतं. बाजेखाली गप्प पडलं होतं, मी कागद पुढे केला आणि ते उठलं. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. पण रोज सकाळी सदरा वर करून आडवं होणं ज्यांनी भोगलंय, त्यांना आजही बेंबीभोवतीची जागा दाखवता येईल. भुंकणारं कुत्रं चावत नाही, ही म्हण ज्याने काढली त्याने टपाल वाटलं नसावं. खरी गोष्ट एवढीच, की भुंकणारं कुत्रं आधी कळवतं. न कळवता येणाऱ्याला जास्त भ्यावं.

पण कुत्री भुंकतात का, आणि नेमकी आमच्यावरच का? पाव्हणा येतो तेव्हाही भुंकतात, पण दोनदा आला की ओळखतात. मी तर रोज जायचो. अडतीस वर्षं रोज येणारा माणूस यांना परका कसा वाटतो?

याचं उत्तर मला मनीऑर्डरींनी दिलं.

पोस्टकार्ड असलं की मी कुडावरून आत टाकायचो आणि निघायचो. अर्ध्या मिनिटाचं काम. मनीऑर्डर असली की ओट्यावर बसावं लागे. आजीला हाका मारा, चष्मा नाही, मग अंगठा, अंगठ्याला साक्षीदार, पॅडवर शाई वाळलेली, त्यात दोन थेंब पाणी, मग नोटा मोजून हातात. दहा मिनिटं सहज जात. मुलगा मुंबईला असलेल्या एका घरी दर महिन्याला मनीऑर्डर यायची. तिथलं काळं कुत्रं आधी आभाळ डोक्यावर घ्यायचं. मी हलत नाही म्हटल्यावर त्याचा आवाज बसायचा, मग ते लांबून बघायचं, मग जांभई देऊन गोठ्याकडे जायचं. त्याच्या शेजारच्या घरी नुसती कार्डं यायची. तिथलं कुत्रं वर्षागणिक जास्तच चवताळत गेलं.

एक दिवस लक्षात आलं. कुत्र्याचा हिशेब सरळ आहे. हा खाकीवाला रोज येतो. मी भुंकतो. हा जातो. म्हणजे माझ्या भुंकण्याने गेला. मला पुढे दहा घरं आहेत म्हणून मी निघालो, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या वहीत रोज एक विजय मांडला जातो. पाव्हणा तसा जात नाही. तो आत येतो, बसतो, चहा पितो. भुंकून उपयोग नाही हे पाव्हण्याच्या बाबतीत कुत्र्याला एका दिवसात कळतं. टपालवाल्याच्या बाबतीत त्याला रोज उलटंच कळत राहतं. घराची राखण करायची आणि रोज शत्रूला पळवून लावायचं, अशी नोकरी मिळाल्यावर कोण सोडेल?

दुसरी एक गोष्ट मला त्याहून उशिरा उमगली. संध्याकाळी सायकल घरी लावली की आमचा कुत्रा लाल्या आधी माझ्याकडे यायचा नाही, टायरांकडे जायचा. पुढचं चाक, मागचं चाक, मग थैलीचा खालचा कोपरा. सावकाश, पेपर वाचल्यासारखा. दिवसभर प्रत्येक दारात मी सायकल टेकवायचो आणि मी अंगठा घेत असताना तिथलं कुत्रं टायरवर पाय वर करायचं. मग पुढच्या दारातलं कुत्रं त्याचा वास घ्यायचं आणि आपला वर टाकायचं. म्हणजे मी माणसांचं टपाल वाटत होतो तेव्हा माझ्या टायरवरून कुत्र्यांचं टपाल चाललं होतं, बिनतिकिटाचं. वस्तीवरच्या कुत्र्याच्या नाकाला मी एकटा कधी आलोच नाही. पाठीमागे वीस परकी कुत्री घेऊन यायचो. त्याने भुंकू नये तर काय करावं? तेव्हापासून मी सायकल दाराला टेकवणं सोडलं. रस्त्याच्या कडेला लावायची आणि चालत जायचं. बराच फरक पडला.

कुत्र्याचा हिशेब बदलायचा कसा, हे मात्र एका आजींनी शिकवलं. त्यांना कुत्र्याच्या भुंकण्याचा नाही, माझ्या खाली वाकण्याचा राग यायचा. “मुक्या जनावराला दगुड दाखवू नका ओ, पोस्टमन. तुमी कोपऱ्यावर घंटी वाजवा, बाकी मी बघते.” मी कोपऱ्यावरच्या लिंबापाशी घंटी वाजवायचो. त्या चुलीपुढून उठायच्या, मोत्याला गोठ्यात हाक मारायच्या आणि भाकरीचा चतकोर तुकडा तिथे टाकायच्या. मोत्या भाकरी खाईपर्यंत मी कागद देऊन मागे फिरलेला असायचो. पहिले आठ-दहा दिवस काही जमलं नाही. मोत्या भाकरी तोंडात धरून भुंकायला यायचा. महिना-सव्वा महिन्याने एका दुपारी मी घंटी वाजवली, आजी शेतात गेल्या होत्या, आणि मोत्या उठून आपणहून गोठ्यात जाऊन बसला. तोंड माझ्याकडे, शेपूट सैल. मी कागद देवळीत ठेवला आणि पहिल्यांदाच त्या अंगणातून हळू चालत बाहेर आलो.

माझा भाचा जनावरांचा डॉक्टर आहे. त्याला हे सांगितलं तर हसला. म्हणाला, रशियात पावलोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने हेच केलं होतं. खाणं येण्याआधीच्या खुणेने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्याने दाखवून दिलं. त्या माणसाला १९०४ मध्ये नोबेल मिळालं, तेही पचनक्रियेच्या अभ्यासासाठी. आजींना कोणी काही दिलं नाही. पण त्यांच्या रीतीत दोन बारकावे होते, ते चुकले की सगळं फिसकटतं. एक, भाकरी भुंकण्याआधी पडली पाहिजे. भुंकल्यावर गप्प बसावं म्हणून टाकलीत, तर कुत्रं भाकरीसाठी भुंकायला शिकतं. दोन, घंटी लांबून वाजली पाहिजे. दारात येऊन वाजवली तर कुत्र्याला विचार करायला जागाच उरत नाही. पूर्वीचे डाकेचे हरकारे जंगलातून धावायचे तेव्हा त्यांच्या भाल्याला घुंगरं बांधलेली असत. जनावरांनी बाजूला व्हावं म्हणून. म्हणजे ‘मी येतोय’ हे लांबून सांगणं ही आमच्या धंद्याची जुनीच रीत. मी ती सायकलच्या घंटीवर आणली, एवढंच.

दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडची गावं निम्मी रिकामी होतात. कोयते घेऊन टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. घरी म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि कुत्री. काही कुत्री गाडीबरोबर फडावर जातात. मागे राहिलेलं कुत्रं त्या सहा महिन्यांत जास्त कडक होतं. घरात धरणारं तरणं माणूस नसतं, म्हातारीच्या हाताला साखळी आवरत नाही, आणि सगळी राखण आपल्यावर आली असं जणू त्याला कळतं. अशा घरांपुढे मी कधी घाई केली नाही. लांब उभं राहायचं, हाक मारायची आणि म्हातारी बाहेर येईपर्यंत अंग आडवं ठेवून दुसरीकडे बघायचं. डोळ्याला डोळा भिडवला की कुत्र्याला ते आव्हान वाटतं. अंगावर आलंच तर सायकल मध्ये घ्यायची, थैली पुढे धरायची, पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे यायचं. ओरडायचं नाही. मालकानेही ओरडू नये. तो ओरडला की कुत्र्याला वाटतं, मालकही आपल्याबरोबर भुंकतोय.

हे दुखणं फक्त आपल्या वस्त्यांवरचं आहे असं नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याने २०२४ या एका वर्षात आपल्या माणसांवर कुत्र्यांनी केलेले ६,००० हून अधिक हल्ले नोंदवले. आणि त्याच देशात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ओनी नावाचं एक कुत्रं टपालाच्या थैल्यांवर झोपायचं, टपालगाड्यांतून देशभर फिरायचं. पेंढा भरून ते वॉशिंग्टनच्या टपाल संग्रहालयात ठेवलंय. थैलीचा वास त्याला आपला वाटत असावा. कुत्र्याचं पिल्लू तीन ते बारा आठवड्यांचं असतं तेव्हा जे बघतं, हुंगतं, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. म्हणून एखाद्या घरी पिल्लू आलं की मी मुद्दाम पाच मिनिटं बसायचो, थैली खाली ठेवायचो, त्याला हुंगू द्यायचो. मी हुंगवलेली पिल्लं मोठी होऊन माझ्यावर कधी भुंकली नाहीत. भुंकली ती माझ्या बदलीवर आलेल्या माणसावर.

आपल्या खात्याने २००५ मध्ये कुत्र्यांच्या देशी जातींची तिकिटं काढली होती, त्यात मुधोळही होता. तिकिटावर एवढा ऐटीत उभा असलेला कुत्रा बघून मी एकटाच हसलो होतो. 

मी निवृत्त झालो त्याच वर्षी, २०२५ मध्ये, रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. पत्रं कमी झाली, पण दारात येणारी माणसं वाढली. कुरिअरवाला, गॅसवाला, मीटर बघणारा. प्रत्येक जण येतो, घाईने जातो, आणि कुत्र्याच्या वहीत एक विजय मांडून जातो.

म्हणून ज्यांच्या दारात कुत्रं आहे त्यांना सांगणं आहे. टपालाची वेळ ठरलेली असते, त्या वेळी त्याला दाराशी नाही, घरामागे बांधा. आखूड साखळीने दारातच बांधलेलं कुत्रं सगळ्यांत चिडकं होतं. मोकळं असेल तर घंटी ऐकली की आधी त्याला आत बोलवा, भाकरी द्या, मग बाहेर या. त्याला रेबीजची लस दरवर्षी द्या. आणि चुकून कोणाला दात लागलाच, तर हळद, चुना, मिरची काही लावू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आता पोटात इंजेक्शन घ्यावं लागत नाही, दंडात घ्यायचं असतं, पण सांगितलेला एकही दिवस चुकवून चालत नाही.

आणि “काही करत नाही ते, या तुम्ही” असं आतून म्हणू नका. उठा, बाहेर या, त्याच्या गळ्यातला पट्टा हातात धरा आणि मग म्हणा.