अण्णांचा पट्टा

अण्णा १९८१ साली गेले आणि त्यांचा वस्तरा माझ्याकडे आला. जर्मनीतल्या सोलिंगेनचा, काळ्या मुठीचा. सोबत तो लावायचा पट्टा, एका बाजूला चामडं आणि दुसऱ्या बाजूला जाड कॅनव्हास. मी थोरला म्हणून आला, एवढंच. धाकट्याला तो हवा होता हे मला तेव्हाही कळलं होतं. मी विचारलं नाही, तो बोलला नाही. आणि मी तरी काय केलं? तेलाच्या फडक्यात गुंडाळून जवळजवळ चाळीस वर्षं ट्रंकेत ठेवला!

२०२० च्या टाळेबंदीत ती ट्रंक उघडली. वस्तऱ्याला गंज नव्हता, पण धार ओढत होती. अण्णा पट्ट्याला कसलीशी तांबडी पूड लावायचे एवढं मला आठवत होतं. नातवाला सांगितलं. त्यानं शोधाशोध करून एक हिरवी कांडी मागवून दिली. क्रोमियम ऑक्साइड. म्हणजे पोलाद घासून गुळगुळीत करणारी पूड, मेणात कालवलेली. तिचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे. आपला केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो, म्हणजे बघा किती बारीक.

मी ती कांडी पट्ट्याच्या चामड्यावर फळ्यावर खडू फिरवावा तशी फिरवली. पस्तीस वर्षांची सवय, दुसरं काय! पट्टा हिरवागार झाला. त्यावर वस्तरा पन्नास वेळा खालीवर केला आणि दाढी केली. खरं सांगतो, इतकी मऊ दाढी आयुष्यात झाली नव्हती. गालावरून हात फिरवत दिवसभर घरात हिंडलो. ही म्हणाली, "आता पुरे, आरसा झिजेल."

मग काय, रोजचा नेमच झाला. पन्नासचे ऐंशी झाले, ऐंशीचे शंभर. जरा दाबूनच फिरवायचा, म्हणजे चांगली धार लागेल. महिनाभरात वस्तरा केसांवरून घसरू लागला. मी आणखी कांडी चोळली, आणखी दाबलं. शेवटी एक दिवस हनुवटीखाली चांगलंच कापलं. धार नसलेला वस्तरा जास्त कापतो, कारण आपण जोर लावतो.

आता विचारायचं कुणाला? अण्णांची दाढी रोज जवळून पाहिलेला एकच माणूस उरला होता. मी आठवीपासून बोर्डिंगात होतो. अण्णा उजेडासाठी ओसरीवर दाढीला बसत. तिथे खुंटी नव्हती, म्हणून पट्ट्याचं वरचं टोक धरून धाकटा उभा राहायचा. पण घराच्या वाटणीनंतर आमचं बोलणं लग्नकार्यापुरतंच उरलं होतं. दोन दिवस फोन हातात घेतला आणि ठेवला. तिसऱ्या दिवशी लावला.

सगळं ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, चामड्याला लावलंस? अरे, पूड कापडाच्या बाजूला असायची. चामडं अण्णा कोरं ठेवायचे. मला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत."

ती पूड सोनाराकडची, दागिने उजळायची, लोखंडाच्या गंजाच्या जातीची. अण्णा ती कापडावर चिमूटभर चोळत. पंधरा दिवसांनी, तीन आठवड्यांनी कधीतरी दहा हात कापडावर, आणि रोज मात्र कोऱ्या चामड्यावर. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, पाठ पुढे आणि धार मागून, वळवायचा तो पाठीवरून. पट्टा ताठ आणि हात हलका. "मी टोक जरा सैल सोडलं की ओरडायचे," तो म्हणाला.

नंतर वाचलं तेव्हा त्यामागचं कारण कळलं. कोरं चामडं पोलाद जवळजवळ कापत नाही, ते धार पुसतं आणि सरळ करतं. पूड मात्र पोलाद खरोखर कापते. दगडाचे ओरखडे ती घालवते, म्हणून दाढी मऊ होते. पण चामडं दाबाखाली खचतं आणि धारेच्या मागे वर उचलतं. असं शंभर वेळा केलं की धार टोकदार न राहता गोल होते. २०२० मध्येच 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं, की पोलादापेक्षा पन्नासएक पट मऊ असलेला केससुद्धा ब्लेडच्या धारेचे बारीक कपचे उडवतो. मऊ गोष्टींना मी उगाच निरुपद्रवी समजत होतो.

वस्तरा सुधारला. गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे अजून दगड होता. ते स्वतः आता पात बदलायचा वस्तरा वापरतात, पण हात विसरलेले नाहीत. पट्टा मात्र सुधारला नाही. खरवडला, साबणानं पुसला, तरी हिरवेपणा चामड्यात मुरला तो मुरलाच. कोरं चामडं एकदा गेलं की गेलं. आता तो फक्त पुडीचा पट्टा.

अण्णा रोज ज्यावर वस्तरा फिरवत ती जागा मी माझ्या उत्साहात बुजवली, याची रुखरुख राहील. धाकट्याला तसं म्हणालो. तो म्हणाला, "जाऊ दे, ओढ तरी लागली तुला."

गेल्या दिवाळीत वस्तरा आणि पट्टा दोन्ही घेऊन त्याच्याकडे गेलो आणि त्याच्या हातात दिले. चाळीस वर्षं उशीर झाला, एवढंच म्हणता आलं. त्यानं एक नवा चामड्याचा पट्टा आधीच आणून ठेवला होता, कोरा. सकाळी ओसरीवर बसला. खुंटी तिथे अजूनही नाही. वरचं टोक धरून मी उभा राहिलो.

"दादा, ताठ धर," तो म्हणाला.